पदवी आणि पाना



कारखान्यात नवा इंजिनियर आला म्हणजे जुने कामगार पहिले चार दिवस फारसे बोलत नाहीत. ते पाहतात. हा माणूस विचारतो की नुसता हुकूम सोडतो, एवढेच त्यांना पाहायचे असते. या अबोल्यामागे इतिहास आहे.

पुण्यात १८५४ साली इंजिनियरिंगचे शिक्षण सुरू झाले, ते सरकारी बांधकाम खात्याला हाताखालची माणसे पुरवण्यासाठी. म्हणजे ही विद्या आपल्याकडे आली तीच हुद्द्याचे बोट धरून. लोहार, सुतार, गवंडी यांच्यापाशी पिढ्यांचे कसब होते, पण त्याला प्रमाणपत्र नव्हते. पुस्तकवाला खुर्चीवर बसला, हातवाला उभाच राहिला. आणि जातीच्या उतरंडीला सरावलेल्या समाजाला त्यात वावगे वाटले नाही.

याला अपवाद घडला तो लक्ष्मणराव किर्लोस्करांचा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यंत्रांचे ड्रॉइंग शिकवीत. ती नोकरी सोडून ते बेळगावात सायकलींच्या धंद्यात शिरले आणि पुढे लोखंडी नांगर करू लागले. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत; नांगर पडून राहिले. पण शेतकऱ्याला अडाणी ठरवून ते मोकळे झाले नाहीत. नांगर पटेपर्यंत खपत राहिले. १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती बव्हंशी खेड्यातल्या, कामावरच शिकलेल्या माणसांच्या हातांनी. १९२६ साली त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतून इंजिनियर होऊन परतले, ते याच माणसांत.

आपल्या अंबरनाथला १९५३ साली मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे आपली एमआयडीसी वसली. पदवी आणि पाना एका छपराखाली आले, पण मने?

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. इथल्याच एका रासायनिक कारखान्यात एका जुन्या ऑपरेटरने नव्या इंजिनियरला सांगितले, "साहेब, ढवळणीचा आवाज बदललाय. बॅच थांबवा." साहेबांनी मीटर पाहिले, काटा जागेवर होता. तासाभरात ग्लँड फुटली आणि उकळते द्रावण त्या ऑपरेटरच्या हातावर आले.

युनियनच्या वतीने भांडायला मी इस्पितळात पोचलो, तो हा पोरगा खाटेशी आधीच उभा. म्हणाला, "मामा, चूक माझी. तुम्ही बरे होऊन या, मला तो आवाज ओळखायला शिकवा." आणि खरोखर, मामा परतल्यावर तो रोज पाळी सुरू होण्याआधी वही घेऊन त्यांच्याशेजारी उभा राहू लागला. अहवालातही त्याने आपली चूक स्वतःच्या हाताने लिहिली. पुढे एका रात्री त्याने "सगळे बाहेर!" म्हणताच एकानेही का म्हणून विचारले नाही; सगळे सुखरूप बाहेर आले.

मात्र गोड बोलणे म्हणजे नम्रता नव्हे. खांद्यावर हात ठेवून ओव्हरटाइम बुडवणारे साहेब आम्ही पाहिले आहेत. कामगार त्यांना तेव्हाच ओळखतो.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने मालक-कामगारांच्या समित्या आणल्या. समिती कायद्याने नेमता येते; आदर नेमता येत नाही. यंदा तुमची मुले इंजिनियर होऊन कामाला लागतील, तेव्हा त्यांना एवढेच सांगा: पहिल्या दिवशी यंत्राजवळ जा, आणि त्याच्याजवळ वीस वर्षे उभा असलेल्या माणसाला आधी त्याचे नाव विचारा.