धानाच्या बांधीतून वाहणारे पाणी आणि मामा तलावांचे रक्षण

गोंदिया जिल्ह्यात धानाची बांधी आणि तलाव एकाच पाण्यावर चालतात. पाऊस लवकर गेला तर ऑक्टोबरमध्ये लोंबीवर आलेल्या धानाला शेवटचे एक-दोन पाणी तलावातूनच मिळते. त्याच तलावावर ढिवर समाजाची मासेमारी, शिंगाड्याचे पीक आणि गुराढोरांचे पाणी अवलंबून असते. बांधीतून पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाणारे खत, औषध आणि माती हा शेतकऱ्याचा खर्च असतो आणि तोच तलावाचा रोग ठरतो. दोन्ही नुकसान टाळण्याचा मार्ग एकच आहे: खत किंवा औषध दिल्यानंतरचे पहिले काही दिवस पाणी बांधीतच अडवणे.

पाणी कुठून कुठे जाते?

माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच मामा तलाव, मुख्यतः कोहळी समाजाच्या कसबातून उभे राहिले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि हे तलाव सरकारकडे आले. त्यांची रचना साखळीची आहे. वरच्या तलावाच्या सलंगावरून पडलेले पाणी बांध्यांमधून खालच्या बोडीत किंवा तलावात उतरते. पुढे ते चुलबंद, गाढवी, बाघ या नद्यांतून वैनगंगेला आणि प्राणहिता-गोदावरीमार्गे थेट बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणून पाळीच्या वरच्या बाजूची शेती स्वतःच्या गावचा तलाव बिघडवते, तर खालच्या बाजूची शेती पुढच्या गावचा.

बांधीतून काय वाहून जाते?

- नत्र: युरिया पाण्यात लगेच विरघळतो. दिल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात बांधीच्या पाण्यात नत्र सर्वाधिक असते. याच काळात पाणी फुटले तर खत गेले.
- स्फुरद: हे मातीच्या कणांना चिकटते, त्यामुळे चिखलणीनंतरच्या गढूळ पाण्याबरोबर बाहेर पडते.
- कीटकनाशके व तणनाशके: लॅम्डा-सायहॅलोथ्रीन, सायपरमेथ्रीन, क्लोरपायरीफॉस ही कीटकनाशके आणि ब्युटाक्लोरसारखी तणनाशके माशांना अत्यंत घातक आहेत.
- गावातील घाण: नाल्यांचे सांडपाणी, उघडे उकिरडे आणि गोठ्यातील निचरा पहिल्या मोठ्या पावसात तलावात येतो.

नत्र आणि स्फुरद वाढले की शेवाळ व जलपर्णी माजते. त्या कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढू लागणे हे त्याचे लक्षण आहे. गाळामुळे तलावाची खोली घटते आणि ऑक्टोबरचे पाणी कमी पडते. सारस पक्षीही बांध्या आणि तलावांतच चरतो. महाराष्ट्रात त्याचा मुख्य आसरा गोंदिया जिल्हाच आहे.

बांध्यातील उपाय

1. धुरे उंच व बळकट ठेवावेत. एक सें.मी. पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे 40 हजार लिटर पाणी. बांधीत 5 सें.मी. पाणी असताना धुऱ्याची उंची 15 सें.मी. असेल तर आणखी 10 सें.मी. पाऊस, म्हणजे एकरी सुमारे 4 लाख लिटर पाणी जागेवर थांबते. रोवणीपूर्वी खेकडे व उंदरांची बिळे बुजवावीत.

2. चिखलणीचे पाणी लगेच सोडू नये. माती खाली बसेपर्यंत 2 ते 3 दिवस थांबावे. जादा पाणी काढावेच लागले तर वरचे निवळ पाणी काढावे.

3. युरियाचा क्रम पाळावा. मध्यम व उशिरा येणाऱ्या वाणांसाठी हेक्टरी 100:50:50 किलो नत्र, स्फुरद, पालाश ही शिफारस आहे. त्यात नत्राचा अर्धा हप्ता रोवणीला, पाव हप्ता फुटव्यांच्या वेळी आणि पाव हप्ता लोंबी धरण्याच्या सुरुवातीला द्यावा. पाव हप्ता म्हणजे एकरी सुमारे 22 किलो युरिया. जोरदार पावसाचा अंदाज असेल तर हप्ता पुढे ढकलावा. आधी बांधीतील पाणी कमी करावे, चिखलावर खत द्यावे, दुसऱ्या दिवशी पाणी घ्यावे आणि नंतर किमान 5 ते 7 दिवस मोरी बंद ठेवावी. पाणी काढायचे ते खतापूर्वी, खतानंतर नाही.

4. ब्रिकेट्स वापराव्यात. चारसूत्री पद्धतीत 15-25 सें.मी. अंतरावर नियंत्रित रोवणी करून दर चार चुडांच्या मध्ये 2.7 ग्रॅमची एक युरिया-डीएपी ब्रिकेट 7 ते 10 सें.मी. खोल खोचतात. खत चिखलात राहते, पाण्यात येत नाही. रोवणीपूर्वी गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडल्यासही युरियाची गरज घटते.

5. फवारणी गरजेपुरतीच करावी. खोडकिडीसाठी 5 टक्के गाभेमर ही आर्थिक नुकसानीची पातळी आहे. त्याआधी ट्रायकोग्रामा जापोनिकमची अंडी हेक्टरी 50 हजार सोडावीत व पक्षिथांबे लावावेत. तुडतुडे वाढल्यास 3 ते 4 दिवस पाणी काढण्याचा सल्ला असतो. तो निचरा फवारणीपूर्वी पूर्ण करावा. दाणेदार कीटकनाशकासाठी बांधीत 7 ते 10 सें.मी. पाणी ठेवून ते किमान 4 दिवस बाहेर सोडू नये. जपानमध्ये भाताच्या तणनाशकांनंतर 7 दिवस पाणी अडवण्याची सूचना असते. तोच नियम आपल्याकडेही पाळावा.

डब्यावरील त्रिकोणाबाबत एक इशारा: लाल, पिवळा, निळा, हिरवा हा त्रिकोण माणसाला व सस्तन प्राण्यांना असलेला धोका दाखवतो. हिरवा किंवा निळा त्रिकोण असलेले औषध माशांना सुरक्षित आहे, असे समजू नये. लेबलवरील जलचरांबाबतची सूचना स्वतंत्रपणे वाचावी. पंप व डबे तलावात, बोडीत किंवा पाटात धुऊ नयेत. डबे तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच वापरावे.

तलावाच्या काठावरील उपाय

- पाणी तलावात शिरते त्या ठिकाणी 3 ते 5 मीटर रुंदीची खस किंवा स्थानिक गवताची पट्टी राखावी. ही जागा नांगरू नये.
- वरच्या बोड्या बुजवू नयेत. पाणी त्यात थांबते आणि गाळ तिथेच बसतो.
- उकिरडा तलावाच्या उतारावर ठेवू नये. नाल्याचे सांडपाणी शोषखड्ड्यात किंवा परसबागेत वळवावे.
- काढलेला गाळ शेतात पसरावा. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेचा हेतू हाच आहे. गाळाबरोबर वाहून गेलेले स्फुरदही परत मिळते. गाळ काढताना पाळ, तुडुम व माशांच्या अंडी घालण्याच्या उथळ जागा जपाव्यात.
- बेशरम मुळासकट काढून देशी पाणवनस्पती वाढू द्याव्यात. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर महिलांनी हे काम करून दाखवले आहे.

मासे मेल्यास काय करावे?

वरच्या बांध्यांतून येणारे पाणी लगेच थांबवावे. मेलेले मासे खाऊ किंवा विकू नयेत, जनावरांना ते पाणी पाजू नये. स्वच्छ बाटलीत पाण्याचा नमुना घेऊन थंड ठेवावा आणि ग्रामपंचायत, मत्स्यव्यवसाय विभाग व तालुका कृषी अधिकारी यांना कळवावे. मागील आठ दिवसांत कोणत्या शेतात काय फवारले याची नोंद द्यावी.

कृषी सहायकांसाठी

रोवणीपूर्वीच्या गावबैठकीत शेतकरी, मच्छीमार संस्था आणि ग्रामपंचायत यांना एकत्र बसवावे. गावाच्या नकाशावर पाणी कोणत्या बांधीतून कोणत्या तलावात उतरते ते आखून घ्यावे. तलावात थेट उतरणाऱ्या बांध्यांची यादी करून युरियाचे हप्ते व फवारणीच्या तारखा मच्छीमारांना आधी कळवण्याची पद्धत ठरवावी. ज्या दिवशी मत्स्यबीज सोडले जाते, त्याच्या आसपास वरच्या शेतात फवारणी होऊ नये. एवढे साधले तरी मोठे नुकसान टळते.