एडी रॉबिन्सन आणि ग्रॅम्बलिंगचा फुटबॉल : एक ऐतिहासिक विवेचन

अमेरिकेत ‘फुटबॉल’ म्हणून ओळखला जाणारा खेळ आपल्या परिचयाच्या फुटबॉलपेक्षा सर्वस्वी भिन्न आहे. तेथील विद्यापीठांमध्ये या खेळाच्या मुख्य प्रशिक्षकाला अनेकदा कुलगुरूंहूनही अधिक प्रसिद्धी लाभते आणि त्याचे मोठेपण प्रायः जिंकलेल्या सामन्यांच्या संख्येवरून ठरविले जाते. एडी रॉबिन्सन (१९१९–२००७) यांच्या नावावर असे ४०८ विजय आहेत. तथापि ज्या वर्णविभक्त समाजात त्यांची कारकीर्द घडली तो समाज ध्यानात घेतल्याशिवाय या संख्येचा अर्थ उलगडत नाही.

लुइझियाना राज्यातील ग्रॅम्बलिंग या लहानशा गावी कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या महाविद्यालयात रॉबिन्सन १९४१ साली प्रशिक्षक म्हणून रुजू झाले. त्यावेळी ते अवघे २२ वर्षांचे होते व तत्पूर्वी बॅटन रूज येथील पशुखाद्याच्या गिरणीत काम करीत. पहिल्या हंगामात तीन विजय आणि पाच पराभव पदरी पडले. दुसऱ्या वर्षी मात्र संघाने नऊच्या नऊ सामने जिंकले, तेही प्रतिपक्षाला एकही गुण न देता. दक्षिणेकडील गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे बंद असल्याने त्या भागातील उत्तमोत्तम कृष्णवर्णीय खेळाडू अशाच महाविद्यालयांकडे वळत. ग्रॅम्बलिंगच्या सामर्थ्याचे मूळ एका अन्यायात होते, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही.

१९४९ साली रॉबिन्सन यांचा शिष्य टँक यंगर लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघात दाखल झाला. कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयातून राष्ट्रीय व्यावसायिक लीगमध्ये पोहोचलेला तो पहिला खेळाडू होय. पुढे अशा शिष्यांची संख्या २०० च्या वर गेली. परंतु खरा अडसर होता तो क्वार्टरबॅकच्या जागेचा. आक्रमणाची सूत्रे हाती असलेल्या या खेळाडूस बुद्धी आणि नेतृत्व लागते, असा समज होता. आणि नेमक्या याच गुणांबाबत कृष्णवर्णीयांवर अविश्वास दाखविला जाई. महाविद्यालयात ती जागा सांभाळलेल्यांनाही व्यावसायिक संघ अन्य जागी खेळवीत. रॉबिन्सन यांनी जेम्स हॅरिस यांना जाणीवपूर्वक याच जागेसाठी घडविले. १९६९ च्या हंगामातील पहिल्याच सामन्यात बफेलो संघाने त्यांना क्वार्टरबॅक म्हणून उतरविले. त्यानंतर जानेवारी १९८८ मध्ये डग विल्यम्स या दुसऱ्या शिष्याने वॉशिंग्टनच्या संघाला सुपर बोल जिंकून दिला. असे यश मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरले.

वर्णभेदाच्या अंताची कथा मात्र सहसा अलाबामाचे प्रशिक्षक पॉल ब्रायंट यांच्याभोवती गुंफली जाते. सप्टेंबर १९७० मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने बर्मिंगहॅम येथे अलाबामाचा ४२–२१ असा पराभव केला. त्यात सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूची कामगिरी पाहून अलाबामाचे मतपरिवर्तन झाले, असे सांगितले जाते. ही आख्यायिका तपासून घ्यावी लागते. विल्बर जॅक्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला अलाबामाने त्यापूर्वीच प्रवेश दिला होता, आणि १९६९ साली तेथील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनेने या प्रश्नावर न्यायालयात दाद मागितली होती. मैदानावरील एका सायंकाळीस सर्व श्रेय दिल्याने या लढ्याचा विसर पडतो.

दारे उघडल्यावर गुणी खेळाडू साहजिकच अधिक साधनसंपन्न विद्यापीठांकडे गेले. ज्या समतेसाठी रॉबिन्सन यांनी खेळाडू घडविले, तिचीच किंमत त्यांच्या संस्थेला मोजावी लागली. १९८५ साली त्यांनी ब्रायंट यांचा ३२३ विजयांचा विक्रम मागे टाकला. पण खेळाडूंसाठी खुली झालेली वाट प्रशिक्षकांसाठी तितकीशी खुली नव्हती. आधुनिक व्यावसायिक लीगमध्ये आर्ट शेल हे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक नेमले गेले ते १९८९ साली, त्यावेळी रॉबिन्सन सत्तरीत होते. १९९५ ते १९९७ हे त्यांचे अखेरचे तीन हंगाम पराभवांचे गेले. त्यांच्या निवृत्तीनंतर १९९८ साली ग्रॅम्बलिंगची धुरा डग विल्यम्स यांच्याकडे आली.