आबालाल रहिमान आणि पॅरिसचे चित्रकार

चित्रकलेच्या इतिहासावर बोलण्याचा अधिकार आम्हांला कोणत्याही शाळेने दिलेला नाही. आमचे शालेय शिक्षण नववीत थांबले. पुढचे जे काही झाले ते फौंड्रीच्या आवारात, युनियनच्या कचेरीत आणि करवीर नगर वाचन मंदिराच्या कपाटांपुढे. गेली तीस वर्षे आम्ही कामगारांच्या संघटना बांधण्याचे काम करीत आहोत. अशा माणसाने या वसंतात उठून मोने आणि सेझान यांची नावे घ्यावीत, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु आम्ही या विषयाकडे वळलो तेच मुळी संघटनेच्या वाटेने.

ते असे. पॅरिसच्या चित्रकारांचा इतिहास वाचताना आम्हांला आढळले की, ज्यांना पुढे जग दृक्प्रत्ययवादी म्हणून ओळखू लागले, त्या मंडळींनी एकत्र येऊन पहिली गोष्ट केली ती चित्र काढण्याची नव्हे, तर संस्थेची घटना लिहिण्याची. 27 डिसेंबर 1873 रोजी त्यांनी चित्रकार, शिल्पकार आणि खोदचित्रकार यांची एक सहकारी संस्था स्थापन केली. त्यांच्यात कामिय पिसारो नावाचा वडीलधारा चित्रकार होता. तो पाँत्वाझ या गावी राहत असे. त्या गावातील पाव भाजणाऱ्या कामगारांच्या संघाची नियमावली त्याने अभ्यासली होती, आणि चित्रकारांच्या संस्थेलाही तोच नमुना घ्यावा असे त्याचे म्हणणे होते. भट्टीवाल्यांचे नियम चित्रकारांना लागू पडतात, हे ज्याला सुचले तो माणूस आम्हांला त्या दिवसापासून आपला वाटू लागला.

या संस्थेची गरज का पडली, हे समजून घेतले पाहिजे. त्या काळी फ्रान्समध्ये चित्र लोकांपुढे येण्याचा राजमार्ग एकच होता. सरकारमान्य वार्षिक प्रदर्शन, ज्याला सालों म्हणत. तेथील परीक्षक मंडळाने चित्र नाकारले की गिऱ्हाइकाचा दरवाजा बंद. पुराणातले देव, इतिहासातले सेनापती, गुळगुळीत घोटलेला रंग, हे तेथे चाले. रेल्वेचे स्थानक, धोबिणी, नदीवरचे ऊन, हे चालत नसे. म्हणून या मंडळींनी ठरविले की वर्गणी आपण भरायची, भिंत आपण भाड्याने घ्यायची आणि परीक्षक नेमायचा नाही. वर्गणी वर्षाला 60 फ्रँक होती.

15 एप्रिल 1874 रोजी नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत त्यांचे पहिले प्रदर्शन उघडले आणि महिनाभर चालले. म्हणजे आपल्या व्याख्यानमालेचेच हे दिवस. तीसएक कलावंत होते. त्यांत मोने, रेन्वार, दगा, सिस्ले, सेझान आणि पिसारो होते, तशीच बेर्त मोरिसो ही स्त्रीही होती. प्रवेश एक फ्रँक. प्रदर्शन दिवसा तर उघडे असेच, पण रात्री आठ ते दहा पुन्हा उघडत. ज्याला दिवसा कामावरून सुटका नाही त्यालाही चित्र पाहता यावे, अशी ही वेळ होती. आम्ही ती वाचली आणि वहीत टिपून ठेवली.

लोक आले ते बहुतेक हसण्यासाठी. मोने याने ल हाव्र बंदरातील सूर्योदयाचे एक चित्र मांडले होते. त्याच्या नावात ‘इंप्रेशन’ हा शब्द होता. तो धरून लुई लरुआ या टीकाकाराने एका विनोदी पत्रात सगळ्यांची टर उडविली, आणि थट्टेत दिलेले ते नाव कायमचे चिकटले. वर्षअखेरीस हिशेब केला तेव्हा प्रत्येक सभासदाच्या डोक्यावर 184 फ्रँक 50 सेंटिमचे देणे निघाले. संस्था मोडीत काढावी लागली. परंतु मंडळी मोडली नाही. 1886 पर्यंत त्यांनी एकूण आठ प्रदर्शने भरविली. भांडणे झाली, काही जण सोडून गेले, काही परत सालोंच्या दाराशी गेले. आठही प्रदर्शनांत चित्रे मांडणारा एकटा पिसारोच. संघटनेचे काम केलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

आता या चित्रांत नवे काय होते? त्याचा उगमही कारखान्यांतच शोधावा लागतो. पूर्वी रंग घोटायचे ते चित्रशाळेत, आणि साठवायचे जनावराच्या मूत्राशयाच्या पिशवीत. 1841 साली जॉन रँड याने कथिलाची दाबता येणारी नळी काढली, आणि तयार रंग खिशात घालून चित्रकाराला उघड्या रानात जाता येऊ लागले. दुसरी गोष्ट आमच्या इचलकरंजीच्या विणकरांना लगेच पटेल. पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेतील रंगखात्याचा प्रमुख शेव्ह्रल हा रसायनशास्त्रज्ञ होता. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपास केला तेव्हा दोष रंगाईचा नव्हताच. शेजारी जो रंग विणला होता, त्याच्यामुळे काळा डोळ्यांना निराळा भासत होता. एका रंगाचे रूप शेजारच्या रंगावर अवलंबून असते, हा नियम त्याने 1839 साली ग्रंथरूपाने मांडला. चित्रकारांनी पुढे तो उचलला. सावली म्हणजे काळा रंग, ही समजूत त्यांनी टाकून दिली. उन्हाच्या पिवळ्या रंगाशेजारी सावली निळी-जांभळी दिसते, तर ती तशीच रंगवावी. वस्तू रंगवायची नाही, तिच्यावर त्या घटकेला पडलेला प्रकाश रंगवायचा. मोने याने गवताच्या गंजी 1890-91 मध्ये पुन्हा पुन्हा रंगविल्या त्या याचसाठी. गंज तीच, पण घटका निराळी.

हे सगळे सुखवस्तू घरचे होते असे कोणी समजू नये. रेन्वार हा शिंप्याचा मुलगा. तेराव्या वर्षी तो चिनी मातीच्या भांड्यांवर फुले रंगविण्याच्या कारखान्यात उमेदवार म्हणून लागला. पुढे भांड्यांवर छापील नक्षी उठविण्याचे यंत्र आले आणि हाताने रंगविणाऱ्यांचा धंदा बसला. यंत्राने हातचे काम गेलेला कामगार आम्ही पुष्कळ पाहिला आहे. त्यांतला एक रेन्वार झाला, म्हणून बाकीच्यांचे दुःख कमी होत नाही. पण ही चित्रे कोणत्या हातांतून आली हे ठाऊक असलेले बरे.

या मंडळींच्या मागून आलेल्यांना उत्तर दृक्प्रत्ययवादी म्हणतात. ते नाव रॉजर फ्राय याने 1910 मध्ये लंडनच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने दिले. झॉर्झ सरा याने रंगाचे ठिपके शेजारी शेजारी मांडले. नदीकाठी विसावलेल्या माणसांच्या त्याच्या 1884 च्या चित्रात पाठीमागे कारखान्यांची धुराडी आहेत. सेझानने डोंगराला पुन्हा वजन दिले. आणि व्हॅन गॉग. हा डच तरुण प्रथम बेल्जमच्या कोळसाखाणींत मजुरांमध्ये धर्मोपदेशक म्हणून राहिला. 1885 मध्ये त्याने दिव्याच्या उजेडात बटाटे खाणारे शेतकरी कुटुंब रंगविले. 1890 मध्ये सदतिसाव्या वर्षी तो मेला. सहा महिन्यांत त्याला पोसणारा भाऊ तेओही गेला. राहिली भावाची विधवा योहाना, कडेवर तान्हे मूल आणि घरभर न खपलेली चित्रे. ती चित्रे तिने विकून टाकली नाहीत, अडगळीतही टाकली नाहीत. जपली, प्रदर्शने भरविली, दोघा भावांची पत्रे छापविली. आज व्हॅन गॉग जगाला ठाऊक आहे, यात तिचे श्रम मोठे आहेत.

योहानाची गोष्ट लक्षात ठेवून आता आपण कोल्हापुरास येऊ.

पॅरिसला ते पहिले प्रदर्शन भरले तेव्हा आपल्या टाउन हॉलचे बांधकाम चालू होते, आणि गावात आबालाल रहिमान नावाचा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा वाढत होता. आबालाल यांचा जन्म 1860 च्या सुमाराचा. घराण्यात कुराणाच्या पोथ्या लिहून सजविण्याची परंपरा होती, असे सांगतात. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले. रेखाटनात हात असा बसला की व्हाइसरॉयचे सुवर्णपदक मिळाले. मुंबईत राहिले असते तर साहेबांच्या आणि शेटजींच्या तसबिरी काढून माडी बांधली असती. ते कोल्हापुरास परतले. शाहू छत्रपतींनी त्यांना दरबारी चित्रकार केले. पण आबालालांचा खरा दरबार भरे तो कोटितीर्थावर, रंकाळ्यावर आणि पंचगंगेच्या घाटावर.

त्यांच्या काही निसर्गचित्रांपुढे उभे राहिले म्हणजे मोने आणि पिसारो यांची आठवण होते. रंग घोटून गुळगुळीत केलेला नाही. लहान लहान ठिपके आणि फटकारे शेजारी ठेवले आहेत. जवळून पाहावे तर नुसते डाग, चार पावले मागे सरावे तर पाण्यावरचे ऊन. म्हणून कोणी त्यांना कोल्हापूरचा मोने म्हणेल. आम्हांला ते पटत नाही. आबालाल पॅरिसला गेले नव्हते. ते रोज कोटितीर्थाच्या काठी गेले. जो माणूस एकच पाणी वर्षानुवर्षे सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला पाहतो, त्याला प्रकाशाचा नियम ते पाणीच शिकविते. पाणी पॅरिसजवळचे असो की करवीरचे.

फरक होता तो दुसरीकडे. पिसारोच्या पाठीशी मंडळी होती. बुडीत का होईना, संस्था होती. आबालालांच्या पाठीशी एक राजा होता. तो राजा थोर होता, यात आम्ही काही बोलावे असे नाही. 1906 साली कोटितीर्थाजवळ त्यांनी कापडाची गिरणी उभारली, आणि या गावच्या कित्येक घरांची चूल तिच्यावर पेटली. पण राजा थोर असला तरी एकच असतो. 6 मे 1922 रोजी शाहू महाराज गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात सोडून दिली, असे कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. कोणी आकडा हजारांत सांगतो. आकड्याचा वाद आम्ही घालीत नाही. ज्या समाजात चित्राला एकच आश्रय असतो, तेथे तो आश्रय गेल्यावर चित्राला पाण्याखेरीज जागा उरत नाही, एवढे या कथेतून आम्ही घेतो. 1931 च्या डिसेंबरात आबालाल गेले, तेही साधेपणानेच.

तथापि कोल्हापूरने काहीच राखले नाही, असे म्हणणे अन्याय होईल. बाबूराव पेंटर आबालालांना गुरुस्थानी मानीत. सुताराच्या घरातला हा माणूस. शाळा थोडी, हात सोन्याचे. नात्यातील आनंदराव यांच्याबरोबर त्यांनी कॅमेरा बनविण्याचा ध्यास घेतला. 1920 मध्ये ‘सैरंध्री’ आणि 1925 मध्ये ‘सावकारी पाश’ हे चित्रपट त्यांनी काढले. सावकाराने जमीन गिळलेला शेतकरी शहरात मजुरीला येतो, ही त्या चित्रपटाची कथा. व्हॅन गॉगची बटाटे खाणारी माणसे आणि बाबूरावांचा तो शेतकरी एकाच पंगतीला बसण्यासारखे आहेत. आणि जी आबालालांची चित्रे वाचली, ती वाचली कारण कोणी तरी ती जपली. घरांतून, शिष्यांकडून, टाउन हॉलच्या संग्रहालयातून.

त्या संग्रहालयात आम्ही एकदा आमच्या फौंड्रीतील काही कामगारांना घेऊन गेलो होतो. त्यांत एक म्हातारे मोल्डर होते. लोखंडाचा रस ओतण्याजोगा झाला की नाही, हे ते नुसत्या रंगावरून सांगत. तांबडा, नारिंगी, पिवळा, पांढरट अशा छटा त्यांच्या डोळ्यांत बसलेल्या. आबालालांच्या एका लहानशा चित्रापुढे ते बराच वेळ थांबले आणि म्हणाले, “साहेब, हे सकाळचं ऊन न्हवं. तिसरा प्रहर कललाय.” आम्ही पुस्तके वाचून जे शिकलो होतो, ते त्यांनी भट्टीसमोर चाळीस वर्षे उभे राहून मिळविले होते. पण इतक्या वर्षांत या गावात राहून ते त्या दारातून पहिल्यांदाच आत आले होते. ही खंत आम्ही त्यांच्यावर लोटत नाही. ती आमच्यासारख्या संघटकांची चूक आहे. पगार, बोनस आणि रजा मागताना आम्ही कामगाराच्या डोळ्यांचा हक्क मागायचा विसरलो. पॅरिसच्या त्या कफल्लक मंडळींनी रात्री आठ ते दहा दिवे लावून ठेवले होते. तेवढी वेळ आपल्याही गावात चित्रांना मिळावी, ही आमची एक मागणी.

दुसरी मागणी सरकारकडे नाही, श्रोत्यांकडे आहे. कोल्हापूरच्या जुन्या वाड्यांतून आणि चाळींतून या गावच्या चित्रकारांची चित्रे अजून असतील. माळ्यावर, कपाटामागे, वाळवी लागलेल्या चौकटीत. घर पाडताना, वाटणी करताना ती भंगारात जातात. घरी गेल्यावर एकदा शिडी लावून पाहावे. चित्र मिळाले तर पुसू नये, धुऊ नये. कोणी काढले, घरात कोठून आले, हे वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहून ठेवावे आणि जाणत्या माणसाला दाखवावे. योहानाने याहून निराळे काही केले नव्हते. कोटितीर्थात जे गेले ते गेले. माळ्यावरचे अजून आपल्या हातात आहे.