तेंदूच्या पानाची साखळी : नुकसान नेमकं कुणाचं?

नागझिरा म्हटलं की वाघच आठवतो ना? आज मात्र मी याच जंगलपट्ट्यातल्या एका पानाबद्दल बोलणार आहे. तेंदूचं पान, ज्यात विडी वळतात.

'सप्लाय चेन' हा शब्द आपल्या तोंडी बसला तो कोविडमध्ये. विडीच्या धंद्यानं मात्र ती साखळी कधीचीच बांधली होती. पान गोंदिया-भंडाऱ्याच्या जंगलातलं, तंबाखू निपाणीचा नाहीतर गुजरातचा, आणि वळणारे हात गोंदियापासून सिन्नर-सोलापूरपर्यंतचे. एक कडी अडली की पुढचं सगळं अडतं.

यात सगळ्यात नाजूक कडी पानाची. तोड वर्षातून एकदाच, मे महिन्याच्या आसपास, जेमतेम दोन-तीन आठवडे. 70 पानांचा एक पुडा, 1000 पुड्यांची एक प्रमाण गोणी. पुडे फळीवर वाळत असताना अवकाळी पाऊस आला की माल खराब. कारखान्याला तर पान बाराही महिने लागतं. मग व्यापाऱ्यांनी गोदामं भरून ठेवली आणि एकाच जंगलावर न विसंबता चार ठिकाणचं पान घेतलं. मॅनेजमेंटच्या वर्गात आज हेच शिकवतात.

पण ज्याच्याकडे साठा असतो, तो थांबू शकतो. 1981 साली निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्ग रोखला. एप्रिलमध्ये गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले. व्यापाऱ्याला घाई नव्हती. पीक घरात पडलेल्या शेतकऱ्याला होती.

साखळीच्या दुसऱ्या टोकाला घरी बसून विड्या वळणारी बाई. पान कमी किंवा फाटकं मिळालं, तरी हजाराचा हिशेब तिनंच पुरा करायचा. वर तयार विड्यांतून 'छाट' निघणार, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या. हे तंटे इतके होते, की 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्यात कच्चा माल आणि छाट यांवरच्या वादांसाठी वेगळी तरतूद करावी लागली.

जंगलाकडेही नियम बदलत गेले. 1969 च्या कायद्यानं महाराष्ट्रात तेंदूचा व्यापार सरकारच्या हाती आला. 1970 मध्ये नागझिरा अभयारण्य झालं, 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. 2006 च्या वनहक्क कायद्यानं तेंदूवर गावाचा हक्क मानला, आणि 2013 मध्ये गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी आपलं पान स्वतः विकलं.

मला यात मोठी गोष्ट दिसते. पान विकायचा हक्क आला, तसा पावसाचा आणि पडलेल्या भावाचा धोकाही गावाकडे आला. व्यापाऱ्याकडे गोदाम होतं, भांडवल होतं. गावाकडे काय आहे? हक्काबरोबर गोदाम, विमा आणि वेळेवर पैसे मिळाले नाहीत, तर साखळी टिकेल, पण नुकसान सोसणारी माणसं तीच राहतील.

तुमच्या गावाकडे तेंदूची फळी लागते का? तिथे पाऊस आला की नुकसान कुणाच्या नावावर पडतं, हे घरच्या मोठ्यांना विचारा आणि मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.