सेरेस : एका ‘ग्रहा’ची दोनशे वर्षांची ओळखपरेड

ग्रहांच्या पंगतीतून उठवला गेलेला म्हणून प्लूटोचे नाव सर्वांना ठाऊक आहे. परंतु हा प्रसंग त्याच्याआधी दीडशे वर्षे दुसऱ्याच एका गोलावर येऊन गेला होता. त्याचे नाव सेरेस.

१ जानेवारी १८०१. सिसिलीतील पालेर्मोच्या राजवाड्यावरील वेधशाळेत ज्युसेप्पे पियात्सी हा धर्मगुरू ताऱ्यांची सूची करीत होता. वृषभ राशीत त्याला एक अंधूक ठिपका दिसला. दुसऱ्या रात्री तो किंचित सरकलेला आढळला. तारे असे सरकत नाहीत. पियात्सीने जाहीरपणे त्याला धूमकेतू म्हटले. मात्र मिलानच्या ओरियानी या मित्रास लिहिताना, हे त्याहून काही मोलाचे असावे, अशी शंका त्याने व्यक्त केली.

या शंकेला आधार होता. मंगळ आणि गुरू यांच्यामधील अंतर गणिताच्या मानाने फारच मोठे होते, आणि तेथे एखादा ग्रह असावा असे अनेकांचे मत होते. जर्मनीत १८०० मध्ये काही खगोलज्ञांनी राशिचक्राचे २४ भाग पाडून शोधाची कामे वाटूनही घेतली होती. पियात्सीचे नाव त्या यादीत होते. गंमत अशी की निमंत्रण पोहोचण्यापूर्वीच त्याचा शोध लागून गेला होता.

पण ११ फेब्रुवारीनंतर वेध थांबले. पियात्सी आजारी पडला होता आणि तो ठिपकाही लवकरच सूर्याच्या तेजात बुडाला. हाती उरले जेमतेम ४१ दिवसांचे वेध. एवढ्या तुटपुंज्या कंसावरून संपूर्ण कक्षा काढायची कशी? चोवीस वर्षांच्या कार्ल फ्रीडरिक गाउसने त्यासाठी नवी रीत शोधली. त्याने वर्तविलेल्या जागेजवळच ३१ डिसेंबर १८०१ रोजी फॉन त्साख यांस तो सापडला. पुढच्याच रात्री ओल्बर्स यांनीही तो स्वतंत्रपणे टिपला. दुर्बिणीने हरवलेले कागदाने परत आणले.

सेरेस ग्रह ठरला खरा, परंतु १८०२ मध्येच त्याच प्रदेशात पॅलस सापडला, मग जूनो, मग व्हेस्टा. विल्यम हर्शेलने या ताऱ्यांसारख्या ठिपक्यांना ‘अ‍ॅस्टेरॉइड’ म्हणावे, असे सुचविले. स्वतः शोधलेल्या युरेनसचा मान अबाधित राहावा हा त्याचा हेतू असल्याची टीका तेव्हाही झाली! तरीही कित्येक पाठ्यपुस्तके अकरा ग्रह शिकवीत राहिली. १८४५ पासून मात्र नवनवे गोल इतक्या वेगाने सापडू लागले की ग्रहांची यादी आवरेना. सेरेस लघुग्रहांत गेला. क्रमांक १.

२००५ मध्ये एरिसच्या शोधाची घोषणा झाली आणि तोच पेच प्लूटोपुढे उभा राहिला. २००६ च्या ऑगस्टमध्ये प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघापुढे आलेल्या पहिल्या मसुद्यात सेरेससह बारा ग्रह होते. आठवडाभराच्या वादानंतर तो मागे पडला. २४ ऑगस्टच्या ठरावाने ग्रह आठच उरले. सूर्याभोवती फिरणारा, स्वतःच्या गुरुत्वाने गोलाकार झालेला, परंतु आपला मार्ग इतर पिंडांपासून मोकळा न केलेला आणि कुणाचा उपग्रह नसलेला तो बटुग्रह.

सुमारे ९४० किलोमीटर व्यासाच्या सेरेसला ही बढती होती, प्लूटोला पदावनती. पुढच्याच महिन्यात प्लूटोला लघुग्रहांच्या त्याच जुन्या यादीत क्रमांक मिळाला : १३४३४०.