वजन आणि घडणावळ

धुळ्याहून आग्रा रस्त्याने उत्तरेकडे निघाले, की वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागते. टेकडीवर किल्ला, पायथ्याशी गाव आणि गावात तांब्या-पितळेच्या भांड्यांची दुकाने. येथील भांड्यांच्या लौकिकाची नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्येही आढळते. काही वर्षांपूर्वी एका छायाचित्रकार मित्राबरोबर मी तेथे गेलो होतो. त्याला किल्ल्याच्या परिसरात पक्षी टिपायचे होते, मला तांब्याचा एक हंडा हवा होता. दुकानदाराने हंडा काट्यावर ठेवला, किलोचा भाव सांगितला आणि हिशेब केला. मग मित्राच्या खांद्यावरच्या लांबलचक लेन्सकडे पाहून त्याने सहज विचारले, ‘‘भाऊ, हे कितीला पडलं?’’ मित्राने आकडा सांगितला. दहा लाखांच्या वरचा. दुकानदाराने ती लेन्स हातात घेऊन तोलली. ‘‘तीन किलो भरेल. म्हणजे किलोला तीन लाखांच्या वर. आत आहे तरी काय?’’

‘‘काच,’’ मित्र म्हणाला.

त्या वेळी आम्ही तिघेही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. काच मुळात वाळूची. मग ही किंमत कशाची?

पहिले उत्तर आकाराचे आहे. मित्राची लेन्स ६०० मिलिमीटर नाभीय अंतराची आणि एफ-४ छिद्राची होती. अशा लेन्सला सुमारे १५० मिलिमीटर रुंद प्रकाशमार्ग लागतो. नेहमीच्या ५० मिलिमीटर, एफ-१.८ लेन्सला जेमतेम २८ पुरतात. रुंदी पाचपटीहून थोडी अधिक. पण भिंगाचा घाट तोच ठेवून ते तेवढे मोठे केले, तर काच दीडशेपट लागते. आणि ती साधी काच नव्हे. तिच्यात बुडबुडा चालत नाही, रेघ चालत नाही, एका भागाची घनता दुसऱ्याहून वेगळी चालत नाही. यासाठी वितळलेला रस सतत ढवळावा लागतो आणि ओतलेला गोळा अत्यंत सावकाश निववावा लागतो. मोठ्या गोळ्याला आठवडे, कधी महिनेही लागतात. घाई केली तर काचेत ताण राहतो आणि प्रकाश वाकडा जातो.

काचेचा रस ढवळण्याची ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पिएर लुई गिनाँ या स्विस कारागिराने बसवली. तो मूळचा सुतारकाम करणारा. पुढे घड्याळांसाठी घंटा ओतू लागला. भाजक्या मातीच्या दांड्याने काचेचा रस ढवळावा, हे एका ओतकाम करणाऱ्याला सुचले, ही गोष्ट सोनगीरच्या वाचकाला तरी परकी वाटू नये. पुढे बव्हेरियात गिनाँच्या हाताखाली योझेफ फ्राउनहोफर ही विद्या शिकला. सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषांचा त्याने खुणांसारखा उपयोग केला आणि कोणती काच प्रकाशाला नेमकी किती वाकवते, हे मोजले. हाताच्या अनुभवाला आकड्यांची जोड मिळाली ती येथे.

दुसरे उत्तर चुकीचे आहे. एकच भिंग कधीही निर्दोष प्रतिमा देत नाही. निळा प्रकाश एका ठिकाणी एकवटतो, तांबडा दुसऱ्या. कडेचे किरण मधल्या किरणांशी जुळत नाहीत. एका भिंगाची चूक दुसऱ्याने पुसायची, त्याने केलेली नवी चूक तिसऱ्याने पुसायची, अशी ही साखळी वाढत जाते. त्यातून उत्तम लेन्समध्ये पंधरा-वीस भिंगे येतात. कोणी विशिष्ट धातूंची संयुगे मिसळलेल्या महागड्या काचेचे, कोणी फ्लुओराइटच्या कृत्रिम स्फटिकाचे. प्रत्येक पृष्ठभाग घासायचा, तपासायचा, पुन्हा घासायचा. जुना दंडक असा, की प्रतिमेत पोहोचणारा दोष प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाहून अधिक नसावा. हिरव्या प्रकाशासाठी हे माप माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे पाचशेव्या भागाइतके येते.

शिवाय काचेचा प्रत्येक उघडा पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परतवतो. वीस पृष्ठभाग ओलांडताना निम्म्याहून अधिक प्रकाश वाटेतच गळतो. १९३५ साली त्साइसच्या कारखान्यात अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिसूक्ष्म थर चढवण्याची रीत काढली, तेव्हा कुठे इतकी भिंगे एकामागे एक रचणे परवडू लागले. हे थर निर्वात पेटीत चढवावे लागतात. त्यानंतर सगळी भिंगे एका अक्षावर बसवायची, आणि न जमलेली बाजूला काढायची. टाकून दिलेल्या भिंगांचा खर्च विकल्या गेलेल्या लेन्सवरच पडतो.

तिसरे उत्तर संख्येचे. त्साइसने नासासाठी एफ-०.७ची जी प्लानार लेन्स केली, तिचे फक्त दहा नग झाले. त्यांतले तीन स्टॅन्ली कुब्रिकने घेतले आणि थॅकरेच्या कादंबरीवरच्या ‘बॅरी लिंडन’ (१९७५) या चित्रपटात मेणबत्त्यांच्या उजेडातले प्रसंग टिपले. इतक्या थोड्या नगांवर संशोधनाचा सारा खर्च वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्याला काय येईल, हे सांगायला नको. ब्रँडचा दबदबा आणि मोजक्याच उत्पादकांची बाजारावरची पकड हीदेखील किमतीत असतेच. तिचे समर्थन करण्याचे कारण नाही.

आपल्याकडचा अनुभवही पाहावा. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. पुढे कोल्हापुरात बाबुराव पेंटर यांनी स्वतःच कॅमेरा घडवला आणि ‘सैरंध्री’ (१९२०) काढला. पेटी, दाते, चक्रे आपल्या कारागिरांच्या हाताला साधत होती. पण प्रकाशीय काच ओतणारा कारखाना तेव्हा देशात नव्हता. ती उणीव स्वातंत्र्यानंतर कलकत्त्याच्या केंद्रीय काच आणि मृत्तिका संशोधन संस्थेत आत्माराम यांच्या नेतृत्वाखाली भरून काढण्यात आली. म्हणजे अडसर हातांचा नव्हता. मोजमापाच्या आणि पदार्थविज्ञानाच्या दीर्घ परंपरेचा होता.

ही परंपरा जर्मनीतील येना येथे कशी उभी राहिली, हे मला सर्वांत बोलके वाटते. सदोष सूक्ष्मदर्शके कार्ल त्साइस स्वतः हातोड्याने फोडून टाकी, असे सांगतात. त्याचा सहकारी एर्न्स्ट आबे याने भिंगांच्या रचनेला गणित दिले. ओटो शॉट याने १८८४ पासून येथे नव्या काचा ओतल्या आणि १८८६ च्या सूचीत ४४ काचा त्यांच्या मोजलेल्या गुणांसह छापल्या. हा आबे सूतगिरणीतल्या कामगाराचा मुलगा. बाप चौदा-चौदा, सोळा-सोळा तास उभ्याने राबताना त्याने पाहिला होता. १८८९ साली आबेने कार्ल त्साइस प्रतिष्ठान स्थापले आणि कारखान्यातला आपला हिस्सा पुढे त्याच्या स्वाधीन केला. १९०० साली त्या कारखान्यात आठ तासांचा दिवस सुरू झाला. कामगारांना निवृत्तिवेतन आणि पगारी रजा मिळू लागली. चांगल्या भिंगाच्या किमतीत घासणाऱ्याची विश्रांतीही धरली पाहिजे, हे तेथे मान्य झाले होते.

आता पुन्हा सोनगीरच्या काट्याकडे येऊ. हंडा विकताना धातूचे वजन प्रथम येते, घडणावळ मागून, आणि गिऱ्हाईक घासाघीस करते ती घडणावळीवरच. जुना हंडा मोडीत घातला तर तांब्याचे पैसे परत मिळतात. हजारो ठोक्यांचे काहीच मिळत नाही. लेन्सचे नेमके उलटे. ती फुटली तर मोडीला कवडीही येणार नाही, कारण तिच्यात जे काही आहे ते जवळजवळ सगळे घडणावळच आहे. ठोका किंचित चुकला तर पत्रा दबतो, हे तांबटाच्या हाताला कळते. पण ते कळणे कोणत्याही सूचीत आकड्यांनी नोंदलेले नाही. जे मोजले गेले त्याला भाव आला. जे हाताला नुसते ठाऊक राहिले, ते वजनात विरून गेले.

आपल्या समीक्षेत ‘मूल्य’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. मोल आणि मूल्य यांची गल्लत होऊ नये, अशी तंबीही देतो. पण मोल कसे ठरते, कोणाचे श्रम त्यात धरले जातात आणि कोणाचे गळतात, हे पाहिल्याशिवाय मूल्याची चर्चा अपुरीच राहते.

निघताना मी हंड्याची घडणावळ किती, असे विचारले. दुकानदाराने सांगितलेला आकडा इतका लहान होता, की घासाघीस करण्याचे माझे धैर्य झाले नाही. हंडा घरी आहे. त्यावर ऊन पडले की प्रत्येक ठोका वेगळा चमकतो.