मोटारीच्या दरवाजांचे कंपनशमन

मोटारीतील ध्वनिक्षेपकाचा (स्पीकरचा) आवाज सुधारण्यासाठी दरवाजाच्या पत्र्याचे कंपन शोषून घेणारा थर त्यावर चिकटविण्याची व पत्र्यातील भोके बंद करण्याची क्रिया. दरवाजाचा बाहेरचा पत्रा सामान्यतः १ मिमी.पेक्षाही पातळ असल्याने ध्वनिक्षेपकाच्या कंपनांनी तो स्वतः थरथरू लागतो आणि मूळ संगीतात नसलेला खडखडाट त्यात मिसळतो. त्याहून मोठा दोष आतील पत्र्याच्या भोकांमुळे उद्‌भवतो. कारण ध्वनिक्षेपकाच्या पडद्यामागून निघणाऱ्या ध्वनितरंगांची कला (फेज) पुढच्या तरंगांच्या विरुद्ध असते आणि भोकांतून बाहेर येऊन ते पुढच्या तरंगांना भेटले, की खालच्या पट्टीतील स्वर परस्परांना मारक ठरून क्षीण होतात. तबल्यातील डग्ग्याची घुमार हरवते ती प्रामुख्याने यामुळेच. म्हणून महागडा नवा ध्वनिक्षेपक घेण्यापूर्वी ही भोके बंद करणे अधिक शहाणपणाचे होय.

थरासाठी ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा लावलेले, सुमारे २ मिमी. जाडीचे ब्युटिल रबर वापरतात. दरवाजाचा पत्रा वाकताना तो व ॲल्युमिनियमचा पत्रा या दोहोंमध्ये सापडलेले रबर ताणले जाते व कंपनाची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. त्यामुळे संपूर्ण पत्रा झाकण्याची गरज नसते. मोठ्या सपाट भागांचे मध्य झाकले तरी बराच परिणाम साधतो. डांबरयुक्त थर स्वस्त असले, तरी उन्हात मऊ पडून सुटतात व त्यांना वास येतो. पत्रा तेलकट राहिल्यास कोणताच थर टिकत नाही. दरवाजाच्या तळाशी असलेली पाणी निचऱ्याची छिद्रे मात्र मोकळीच ठेवावी लागतात, अन्यथा पाणी साचून पत्रा गंजतो.